शॉकअप बदलण्याआधी: मागचा दणका, पुढची बुडी आणि टेपने घ्यायची तीन मापं

आधी लक्षणं. यातलं काही तुमच्या गाडीला होतंय का बघा.

डबलसीट असताना स्पीडब्रेकरवरून उतरलं की मागून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येतो आणि कमरेत कळ जाते. एकट्याने चालवताना मात्र काही नाही.

याच्या उलट, एकटे असताना रस्त्यावरचा खडान्‌खडा मनगटात आणि मणक्यात जाणवतो.

पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला की हँडल खाली बुडी मारतं.

वळणावर खड्डा लागला की गाडी एकदा बसून सावरत नाही. दोन-तीनदा वरखाली झुलते आणि वळण रुंदावतं.

पुढच्या चकचकीत पाइपवर तेलाचं ओलसर कडं दिसतं. ब्रेक दाबताना हँडलच्या मुळाशी ‘टक्’ होतं. लहान खड्ड्यांत मागून ‘कट-कट’ येते.

यातलं कुठलंही लक्षण सांगितलं की पार्किंगपासून गॅरेजपर्यंत एकच सल्ला मिळतो: ‘कंपनीचं शॉकअप आहे ते, बदलून टाक.’ माझा मावसभाऊ गेल्या पावसाळ्यानंतर हाच सल्ला घेऊन आमच्या सहकारनगरच्या पार्किंगमध्ये आला. रोज धायरी ते हिंजवडी एकटा, वजन ८८ किलो. रविवारी बायकोला घेऊन बोपदेव घाटातून सासवडला सासुरवाडी. गाडी १६० सीसीची, मागे मोनोशॉक, म्हणजे एकच शॉकअप. पुढचं-मागचं सगळं महागाचं घालायचं त्याने ठरवलं होतं आणि पैसेही काढून ठेवले होते. मी त्याला एक शनिवार मागितला.

इतकी वर्षं शेजाऱ्यांच्या आणि मित्रांच्या गाड्या हाताळून माझं मत पक्कं झालंय. तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक गाड्यांचं सस्पेन्शन वाईट नसतं, त्याच्याकडे कुणी बघितलेलंच नसतं. अपग्रेडचा प्रश्न खरा आहे, पण तो शेवटी विचारायचा. आधी विचारला तर नवीन शॉकअप जुन्याच दुखण्यावर बसतं.

हवा, आणि फुकट होणारी बाकीची कामं

सकाळी, गाडी चालवायच्या आधी, थंड टायरमध्ये हवा मोजा. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग असते. शॉकअपला धक्का कळण्याआधी तो टायरला कळतो. १२५ ते १६० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि डबलसीटला ३२ पीएसआयच्या आसपास हवा लागते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत किंवा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर असतो, तोच धरा. हवा भरणारा मुलगा दोन्ही चाकांत सरसकट ३५-४० भरून देतो, कारण पुन्हा लवकर यावं लागू नये असं गिऱ्हाइकालाच वाटत असतं. मावसभावाच्या पुढच्या चाकात ३८ निघाली. ती २५ वर आणल्यावर तो पर्वतीच्या पायथ्याला चक्कर मारून आला आणि म्हणाला, ‘हातातली झिणझिण अर्धी झाली.’ खर्च शून्य.

टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर सहा-सात वर्षांचा होऊन रबर कडक झालं असेल, तर हवा बरोबर असूनही गाडी आपटेल. तिथे आधी टायर बदलायचा.

चेन बघा. हे कुणी सांगत नाही, पण फार वेळा सापडतं. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र), चिमट्याचा (मागचं चाक धरून वरखाली होणाऱ्या दुभंगी सांगाड्याचा) बोल्ट आणि मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल (आस) एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते, आणि गाडीवर वजन आलं की चाक नेमकं त्या रेषेकडे जातं. स्टँडवर चेन ताठ बसवली असेल तर खड्ड्यात ती चिमट्याला वर जाऊ देत नाही. दणका चेन खाते, गिअरबॉक्सचं बेअरिंग खातं आणि तुम्ही शॉकअपला शिव्या देता. साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील लागते, पुस्तिकेत आकडा असतो. चाक फिरवत चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

मग प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेल्या दाबाची, खाच. दोन शॉकअपच्या गाड्यांना मागे बहुधा ५ खाचा असतात. स्प्लेंडरसारख्या रोजच्या गाडीलाही असतात आणि कित्येक मालकांना त्या दहा वर्षांत माहीत झालेल्या नसतात. टूलकिटमधला आकडी पाना त्यासाठीच असतो. दोन्ही बाजूंची खाच सारखी हवी. डावं तिसऱ्यावर आणि उजवं पाचव्यावर अशी गाडी मी अनेकदा पाहिलीय. त्यात चिमट्याला पीळ बसतो आणि गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढल्यासारखी वाटते. दिवाळीला गावी जाताना मेकॅनिककडून ‘हार्ड’ करून घ्यायचं आणि मग वर्षभर एकट्याने तसंच हिंडायचं, हा प्रकार तर घरोघरी आहे.

टेपने घ्यायची तीन मापं

अपग्रेडचं उत्तर इथेच मिळतं, म्हणून घाई करू नका. लागतो तो शिंप्याचा किंवा सुताराचा टेप आणि तुमच्या मदतीला दोन माणसं.

गाडी मेनस्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी. स्टँड नसेल तर दोघांनी मागची कडी धरून उचला. अ‍ॅक्सलच्या मध्यापासून बरोबर वर, सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टीची खूण करा आणि अंतर मोजा. हे पहिलं माप. मग गाडी जमिनीवर उभी धरा, सीट दोनदा दाबून सोडा, परत मोजा. हे दुसरं, गाडी स्वतःच्या वजनाने किती बसली ते. आता तुम्ही नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेट आणि लॅपटॉपच्या बॅगेसकट बसा, पाय वर घ्या, दुसऱ्याने हँडल धरावं आणि तिसऱ्याने मोजावं. हे तिसरं. प्रत्येक माप दोनदा घेऊन सरासरी धरा, कारण सील (तेल अडवणारी रबरी कडी) आणि बुश (सांध्यातल्या नळ्या) यांच्या घर्षणामुळे गाडी दर वेळी तंतोतंत त्याच जागी बसत नाही.

मावसभावाचे आकडे असे आले. चाक अधांतरी ५६० मिलिमीटर. नुसती गाडी ५४८, म्हणजे १२ बसली. तो एकटा बसल्यावर ५२४, म्हणजे ३६. बायको मागे बसल्यावर ४९२, म्हणजे ६८. त्याच्या पुस्तिकेप्रमाणे मागच्या चाकाची एकूण हालचाल १२० मिलिमीटर. रस्त्यावरच्या गाडीला स्वारासकट साधारण तिसरा हिस्सा बसावं, म्हणजे त्याच्यासाठी ४०. एकट्याला ३६ म्हणजे गाडी उत्तम लागलेली. डबलसीटला ६८ म्हणजे अर्ध्याहून जास्त प्रवास निघायच्या आधीच संपलेला. दणका तिथून येत होता.

आता खाच शेवटच्या टोकाला नेली. डबलसीटला ५२ आले, म्हणजे बरं, पण अजून जास्तच. आणि नुसती गाडी उभी केली तर ती अजिबात बसेना, शून्य. एकट्याला २० आले, म्हणजे दगडावर बसल्यासारखं.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि त्यांची संख्या यांवर ठरतो. खाच फिरवून त्यातलं काही बदलत नाही. बदलतो तो फक्त स्प्रिंगचा सुरुवातीचा दाब, म्हणजे गाडी किती उंचीवर उभी राहते ते. म्हणून खूण अशी: वजनासकट बसणं बरोबर आणायला प्रीलोड इतका द्यावा लागतोय की नुसती गाडी जराही बसत नाही, तर ती स्प्रिंग त्या ओझ्याला मऊ आहे. प्रीलोड अगदी सोडूनही स्वार बसल्यावर गाडी तिसऱ्या हिश्श्याच्या बरीच कमी बसते, तर स्प्रिंग तुम्हाला कडक आहे. ५० किलोच्या कॉलेजच्या मुलीला नवऱ्याबायकोसाठी लावलेली गाडी अशीच लागते.

कंपनीचा दोष म्हणून मी हे सांगत नाही. ५० किलोची मुलगी आणि दीडशे किलोचं जोडपं यांना एकच स्प्रिंग द्यायची, तर कुणालातरी ती मऊ किंवा कडक पडणारच.

पुढच्या फोर्कसाठी, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पाइपांसाठी, सोपी युक्ती आहे. पाइपवर प्लॅस्टिकचा टाय सैल बांधा, तो खाली धूळसीलपर्यंत (धूळ अडवणाऱ्या रबरी कड्यापर्यंत) सरकवा आणि दिवसभर गाडी चालवा. संध्याकाळी टाय किती वर गेलाय ते बघा. दिवसातल्या सर्वांत मोठ्या खड्ड्यानंतरही थोडा पाइप शिल्लक हवा. साध्या ब्रेकलाच टाय टोकाला पोचत असेल, तर फोर्कमध्ये तेल कमी आहे किंवा स्प्रिंगा दबल्या आहेत. रबरी घडीचे बूट असलेल्या फोर्कवर हे दिसत नाही, बूट वर करावे लागतात.

आवाज शोधणं

‘टक्’ आणि ‘कट-कट’ या आवाजांचं कारण शॉकअपमध्ये क्वचितच असतं. पुढचं चाक उचलून फोर्कचे खालचे टोक दोन्ही हातांनी धरा, पुढेमागे ढकला. खडखड लागली तर हँडलचा कोनसेट (हँडलच्या मुळातलं गोळ्यांचं बेअरिंग) सैल आहे. मग हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकाला फिरवा. मधोमध येऊन अडकल्यासारखं झालं तर गोळ्यांनी रेसवर (त्या फिरतात त्या कड्यांवर) खळगे पाडलेत, आवळून उपयोग नाही, कोनसेट बदला. सरळ रस्त्यावर गाडी नागमोडी जाते तेव्हा बऱ्याचदा हेच असतं.

मागे चिमटा धरून आडवा हलवा, आणि वेगळा नुसता टायर धरून हलवा. चिमटाच हलला तर चिमट्याचे बुश गेले. चिमटा घट्ट आणि टायर हलला तर चाकाचं बेअरिंग. शॉकअपच्या वरच्या-खालच्या डोळ्यांतले रबरी बुश फाटले की लहान खड्ड्यांत कट-कट येते. ते बुश काही दहा-वीस रुपयांचे असतात आणि त्यांच्यापायी लोक शॉकअपची जोडी बदलतात. नाना पेठेत असं काहीही घ्यायला जाताना जुना नग खिशात घेऊन जा. आतला-बाहेरचा व्यास जुळवूनच घ्या, नुसतं गाडीचं नाव सांगून नाही.

पंक्चर काढल्यानंतर पुढचा फोर्क जड झाला असेल तर आणखी एक कारण असतं. चाक बसवताना अ‍ॅक्सल तिरका आवळला गेला की दोन पाय समांतर राहत नाहीत आणि पाइप आत घासत उतरतो. अ‍ॅक्सल आणि त्याचा पकडबोल्ट सैल करा, पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबा, मग आवळा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

तेल आणि सील

फोर्कचं तेल बदलायचं असतं हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. इंजिनाचं तेल वेळेवर बदलणारा माणूस फोर्कमधलं तेल गाडी विकेपर्यंत तेच ठेवतो. माझा हिशोब २०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षं, जे आधी येईल ते. काढलं की ते राखाडी, घाण वासाचं पाणी झालेलं असतं. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत देते. त्या परत येण्याला आवर घालतं ते तेल, बारीक छिद्रांतून ढकललं जाऊन, धक्क्याची उष्णता करून. तेल मेलं की गाडी झुलते.

मावसभावाच्या डाव्या पाइपवर कडं होतं. सील बदलण्याआधी मी नेहमी एक करतो: धूळसील खाली सरकवून जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पातळ, गोल टोकाची पट्टी ऑइलसीलच्या ओठात घालून पाइपभोवती फिरवतो. पावसाळ्यातला चिखल सुकून त्याचा कण ओठाखाली अडकलेला असतो. तो निघाला की बऱ्याच वेळा गळती थांबते. न थांबली तर सील बदला, दोन्ही बाजूंचे एकदम, आणि तेलही तेव्हाच. नवीन सील घालण्याआधी पाइपवरून नख फिरवून बघा. गंजाचा ठिपका नखाला लागला तर तो नवीन सीलही आठवड्यात फाडेल. बारीक ठिपका अगदी मऊ पॉलिशपेपरने गुळगुळीत होतो, खड्डा पडला असेल तर पाइप बदलावा लागतो.

तेलाचं प्रमाण पुस्तिकेतलंच आणि दोन्ही पायांत सारखं. तेलाच्या वर जी हवा उरते तीही स्प्रिंगसारखं काम करते. तेल कमी पडलं तर फोर्क बुडतो, जास्त झालं तर शेवटाला दगड होतो आणि सील उडवतो. ‘जरा जाड तेल घाल, कडक होईल’ हा सल्लाही जपून घ्या. छिद्रातून तेल जितकं वेगात जातं, विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे जाड तेलाने ब्रेकची बुडी थोडी मंदावते, पण टोकदार खड्डा आणखी लागतो. एका गॅरेजने माझ्याच जुन्या गाडीच्या फोर्कमध्ये वापरलेलं इंजिन ऑइल भरलं होतं. ते मी स्वतः काढलं, तेव्हापासून हे काम घरीच करतो.

तेल डिस्कवर किंवा ब्रेकपॅडवर आलं असेल तर गाडी तिथेच थांबवा. चालवत गॅरेजला नेऊ नका, टेम्पोत घाला. तेल प्यायलेले पॅड पुसून भागत नाही, बदलावेच लागतात.

मागचं शॉकअप गेलंय का, हे बघायला सीट जोरात दाबून सोडा. गाडीने वर येऊन एकदाच स्थिरावावं. ती आणखी उसळली, किंवा शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा थर दिसला, तर डँपर (शॉकअपमधला झुलणं आवरणारा तेलाचा भाग) संपला. रोजच्या गाड्यांचे बहुतेक शॉकअप बंद नळीचे असतात, दुरुस्त होण्यासाठी बनलेलेच नसतात. भोक पाडून, तेल भरून, वेल्डिंग करून देणारे भेटतात. मी ते कुणालाही घेऊ देत नाही. दोन असतील तर जोडीने, कंपनीचंच नवीन. निम्म्या लोकांचं समाधान इथेच होतं, कारण त्यांनी ‘स्टॉक’, म्हणजे कंपनीचं मूळ शॉकअप, म्हणून जे अनुभवलेलं असतं ते पाच वर्षांपूर्वी मेलेलं स्टॉक असतं.

इथे हात थांबवा

दाबलेली स्प्रिंग सोडवायला दोरी, क्लँप, मित्राचा गुडघा असलं काही वापरू नका. सुटलेली स्प्रिंग हाड मोडते. स्प्रिंग काँप्रेसर असलेल्याकडेच ते काम द्या. गॅसच्या शॉकअपमध्ये नायट्रोजन दाबाने भरलेला असतो. तेलाला फेस येऊ नये म्हणून तो असतो, आणि म्हणूनच त्या नळीला ड्रिल, हातोडा किंवा गॅसची ज्योत लावायची नाही.

फोर्क उघडताना तळाचा बोल्ट नुसताच फिरत राहिला तर जोर लावू नका. मोनोशॉकच्या लिंकेजची (शॉकअप आणि चिमटा जोडणाऱ्या सांध्यांची) बेअरिंग प्रेसशिवाय निघत-बसत नाहीत. आणि गाडी कधी समोरून धडकली असेल, हँडल सरळ धरल्यावर चाक तिरकं दिसत असेल, तर फोर्क, टी (फोर्कचे पाइप वर धरणारी पट्टी) आणि चासी जिगवर (सरळपणा मोजायच्या साच्यावर) तपासणाऱ्याकडे न्या. तिथे सील-तेलाचा खर्चही करू नका, आधी वाकलेलं काय ते कळू द्या.

मग अपग्रेड कधी?

वरचं सगळं झाल्यावर, एकच रस्ता, एकच वेग धरून बघा. माझी चक्कर ठरलेली आहे: सहकारनगरमधून सातारा रस्ता, जुना कात्रज घाट चढून परत, मग आमच्या गल्लीतले तीन स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा गोलसर असावा, म्हणजे तो ताशी २५ किलोमीटरला आरामात पार होतो. गल्लीतला सिमेंटचा उंचवटा तसा नसतो. त्यावर २५ ने जाऊन आपटलात तर जगातलं कुठलंच शॉकअप तुम्हाला वाचवणार नाही. अपग्रेडची परीक्षा त्याच्यावर घेऊ नका, घाटातल्या खडबडीत वळणावर घ्या.

पैसे घालायला माझ्या लेखी तीन कारणं पुरेशी आहेत. मापांनी सिद्ध झालं की स्प्रिंग तुमच्या रोजच्या वजनाला चुकीची आहे. शॉकअप संपलंय आणि कंपनीचं नवीन मिळत नाही किंवा त्याच किमतीत दुरुस्त होणारं मिळतंय. किंवा तुम्ही दर आठवड्याला ताम्हिणी, वरंधसारख्या घाटांत लांब चालवता आणि तासाभराने तेल तापून गाडी झुलायला लागते. ‘दिसायला भारी’ हे कारण असेल तर तेही तुमचं, पण ते पैसे गाडी विकताना परत येत नाहीत. आयात केलेल्या नामांकित मोनोशॉकची किंमत कित्येकदा जुन्या गाडीच्या बाजारभावाइतकी होते.

घ्यायचं ठरलं तर क्रम असा ठेवा: आधी तुमच्या वजनाच्या स्प्रिंगा, मग त्यांना साजेसं डँपिंग. कडक स्प्रिंग आणि जुना डँपर एकत्र आले तर स्प्रिंग परत उसळताना डँपर तिला आवरू शकत नाही. शॉकअपची डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी मूळचीच ठेवा. मागची बाजू उंच झाली की पुढचा फोर्क उभा होतो, ट्रेल (हँडलच्या आसाची रेषा जमिनीला लागते तिथून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) कमी होतो, हँडल हलकं आणि चंचल होतं. साइडस्टँडवर गाडी जास्त कलून उभी राहते, हा वेगळाच ताप. दुसऱ्या मॉडेलचं शॉकअप बसतंय म्हणून बसवू नका. शॉकअप १ मिलिमीटर दबताना चाक किती हलतं हे गुणोत्तर प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, त्यामुळे तिथे योग्य असलेली स्प्रिंग इथे फार मऊ किंवा फार कडक ठरते. वजन न विचारता शॉकअप विकणाऱ्याकडून ते घेऊ नका. वॉरंटी आणि विमा यांचं आधी विचारून घ्या. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांबद्दल आहे, आणि अपघातानंतर हा प्रश्न निघायला नको.

मावसभावाच्या गाडीचं असं झालं. पुढे सील, तेल, हवा आणि अ‍ॅक्सल सरळ करणं एवढंच केलं. बुडी आटोक्यात आली, म्हणून पुढची महागडी किट रद्द झाली. मागे मात्र आकडे स्पष्ट होते. त्याने मूळच्याच लांबीचा, जास्त कडक स्प्रिंगचा आणि रिबाउंड (स्प्रिंगच्या परत उसळण्याला मिळणारा आवर) फिरवून बदलता येणारा मोनोशॉक घेतला. बसवायला आम्ही तो काँप्रेसर असलेल्या मेकॅनिककडे दिला. परत मापं घेतली: डबलसीटला ४४, नुसती गाडी ३. एकट्यासाठी दोन खाचा सोडल्यावर २५ येतात. हिंजवडीच्या वाटेवर ते त्याला पहिल्यापेक्षा थोडं कडक लागतं, आणि ते त्याने जाणूनबुजून पत्करलंय. हे आकडे त्याने आरसी बुकाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात कागदावर लिहून ठेवलेत. रिबाउंड किती टिचक्यांवर आहे तेही, कारण सर्व्हिसिंगला गाडी गेली की कुणीतरी ते फिरवतंच.